लाडू, चिवडा आणि नवतपा

नागपूरच्या माणसापाशी उन्हाळ्याचा विषय काढू नये. काढलाच, तर आपल्या गावचा आकडा सांगू नये. "आमच्या पुण्याला यंदा चाळीस झालं हो!" असं तुम्ही म्हणालात, की तो तुमच्याकडे अशा नजरेनं बघतो, की तालमीतल्या पैलवानानं पहिल्यांदाच जोर काढायला आलेल्या कारकुनाकडे बघावं. मग म्हणतो, "चाळीस? चाळीसला तर आम्ही स्वेटरं धुवायला काढतो." तुम्ही तरीही उठला नाहीत, तर तो २३ मे २०१३ या दिवसाची हकीकत सांगतो. त्या दिवशी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. हा आकडा आम्ही मुलाच्या दहावीच्या टक्क्यांसारखा दशांशचिन्हासकट सांगतो.

एवढा अभिमान असूनही मे महिना लागला, की ज्याला पळता येतं तो नागपूरकर पळतो. कोणी चिखलदऱ्याला, कोणी पचमढीला आणि ऐपत असली तर कुलू-मनालीला. ज्याला पळता येत नाही तो मागं राहतो आणि पळालेल्यांच्या तुळशींना पाणी घालतो. आमच्या घराण्यात हे तुळशींना पाणी घालण्याचं काम पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. त्यामुळं २०१९ च्या मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनी खाली आल्या आणि "काका, आम्ही बारा दिवस मनालीला जाऊन राहिलो," एवढंच म्हणाल्या, तेव्हा मी सवयीनं किल्लीसाठी हात पुढं केला.

हातात किल्ली आली नाही. पिंजरा आला.

पिंजऱ्यात दोन केसाळ गोळे होते. एकाचा रंग बेसनाच्या लाडवासारखा. दुसरा पांढरा, पिवळा, तपकिरी असा मिसळलेला आणि केस सगळ्या दिशांना गेलेले. शेपटी दोघांनाही नव्हती. मान कुठं संपते आणि पोट कुठं सुरू होतं हेही कळत नव्हतं.

"हा लाडू आणि तो चिवडा," त्यांच्या छकुलीनं ओळख करून दिली. छकुली त्या वेळी दुसरीत होती. "गिनीपिग आहेत."

आता गिनीपिग या शब्दाशी माझा परिचय जुना आहे. आमच्या सौ.नं लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत केलेल्या नव्या पाककृतीपासून मी घरात तेच काम करतो आहे. पण मूळ प्राणी समोरासमोर भेटण्याची ही पहिलीच वेळ. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं. समव्यवसायी माणसं भेटल्यावर जो एक मूक जिव्हाळा वाटतो तो आम्हा दोघांनाही वाटला असावा.

छकुलीनं मला वहीचं एक पान दिलं. वर तांबड्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'सूचणा'. खाली :

१. यांना घाम येत नाही.
२. उन्हात ठेऊ नये. ग्यालरीत पन नाही.
३. नुसत्या पंख्याने काही होत नाही.
४. कोथींबिर रोज. पानी सारखे बघने.
५. ओरडले तर ठिक आहेत.
६. गप्प बसले तर लगेच बघने.

"आजोबा, सहावं विसरायचं नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "प्रॉमिस?"

मी प्रॉमिस दिलं. बँकेत छत्तीस वर्षं नोकरी केल्यावर माणसाला कोणत्याही कागदाखाली सही करायची सवय लागलेली असते. मजकूर नंतर वाचायचा असतो.

मजकूर आम्ही संध्याकाळी वाचला आणि मग धाबं दणाणलं. दिवस नवतप्याच्या तोंडाचे. ज्यांना नवतपा माहीत नाही ते भाग्यवान. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला, की मेच्या पंचवीस तारखेच्या सुमाराला जे नऊ दिवस सुरू होतात, ते हे. या नऊ दिवसांत नागपुरात दुपारी बारा ते पाच रस्त्यावर फक्त डांबर असतं, तेही जागेवर असेलच असं नाही. आणि अशा वेळी आमच्या घरात दोन जीव अंगावर लोकरीचा कोट घालून, घाम न येण्याची व्यवस्था घेऊन दाखल झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठाच्या आत मी त्यांना घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर मोठे अनुभवी. आयुष्य बैल आणि म्हशी यांत गेलेलं. त्यांनी लाडूला तळहातावर घेतलं, तेव्हा ट्रक दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकनं मनगटी घड्याळ हातात घेतल्यासारखं दिसलं. पण माहिती चोख होती.

"काका, याच्या नावात सगळा घोटाळा आहे. हा गिनीचा नाही आणि पिग तर नाहीच. हा पेरूकडचा. अँडीज पर्वतातला. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी याला पाळला. उंचावरची थंड हवा याच्या रक्तात आहे. १८ ते २४ अंशांत मजेत असतो. २७-२८ च्या पुढं गेलं की याला जपावं लागतं."

नागपुरात मे महिन्यात २४ अंश फक्त बँकेच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये असतात आणि मी छत्तीस वर्षं केबिनबाहेर काढलेली. मी विचारलं, "घरी एसी नाही. कूलर आहे. आणि पंखे आहेत."

"कूलर चालेल. पंख्याचा उपयोग नाही. पंखा काही हवा थंड करत नाही, काका. तो आपला घाम वाळवतो. घाम वाळला की अंग थंड होतं. ज्याला घामच नाही त्याच्यावर पंखा सोडला, तर गरम हवा अंगावर फेकल्यासारखं होतं. कुत्रा निदान जीभ काढून धापा टाकतो, यांना तेही नीट जमत नाही. म्हशीला डबक्यात बसवता येतं, याला तेही करायचं नाही. कूलरचं तसं नाही. ओल्या ताटीतून येते ती हवाच थंड असते. फक्त झोत थेट अंगावर नको. आणि पाऊस जवळ येऊन हवा दमट झाली, की कूलरही आपल्या कामाचा राहत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे."

मी ज्ञानी माणसासारखी मान डोलावली. पंख्याबद्दलचं हे वाक्य मी घरी येईपर्यंत तीनदा मनात घोळवलं. कोणाला तरी ऐकवायला चांगलं होतं. ते कोणाला लागू पडतं, हा विचार मात्र मला शिवला नाही.

घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, "काय म्हणाला डॉक्टर?"

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ८४. गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांची ओळख करून द्यायची तर त्यांच्या तक्रारींचं वेळापत्रक द्यावं लागेल. सकाळी सहाला दुधातलं पाणी, साडेसातला वर्तमानपत्रातलं शुद्धलेखन, नवाला आंघोळीचं पाणी गरम, दहाला भाजीत तिखट कमी, आणि दुपारी वीज गेली की त्या क्षणाला, मागच्या खोलीतून, सगळ्या वाड्याला ऐकू जाईल अशी आरोळी : "गेली का?" ती गेली आहे हे त्यांना दिसत असे. तरी विचारत. आमच्या घरात घड्याळ बंद पडलं तर कोणी चावी देत नसे. अण्णांवर काम भागत होतं.

"पेरूचे आहेत म्हणाला," मी सांगितलं.

"पेरूचे म्हणजे? पेरूत राहतात? अळीसारखे?"

"पेरू देश आहे, अण्णा. दक्षिण अमेरिकेत."

"मग पेरू घाला त्यांना."

गंमत म्हणजे हे अगदीच चूक नव्हतं. माणसाप्रमाणे या प्राण्यालाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, ते रोज खाण्यातूनच द्यावं लागतं आणि पेरूत ते भरपूर असतं. पण मे महिन्यात पेरू आणायचा कुठून? डॉक्टरांनी ढोबळी मिरची, कोथिंबीर, काकडी असा आहार लिहून दिला होता आणि वाळलेलं गवत चोवीस तास समोर. त्या मेमध्ये कोथिंबिरीची जुडी हा सोन्याच्या पेढीवर विकायचा जिन्नस झाला होता. मी रोज दोन जुड्या घ्यायला लागलो तेव्हा भाजीवाली म्हणाली, "काय जी काका, खानावळ टाकली काय?"

अण्णांनी दुसरा उपाय सुचवला तो खास नागपुरी. "त्यांच्याजवळ कांदा ठेव." आमच्याकडे ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायची पद्धत आहे. अण्णांच्या बंडीच्या खिशात मार्च ते जून एक कांदा असतोच. सुदैवानं मी आधी डॉक्टरांना फोन केला. ते जवळजवळ ओरडलेच, "अहो, कांदा त्यांना विष आहे! खाल्ला तर संपलंच!" अण्णांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं आणि "काय पण पाहुणे!" एवढंच म्हणून खिशातला कांदा चाचपला.

मग आमच्या घरात जी अभियांत्रिकी सुरू झाली तिला तोड नाही. कूलर आमच्या निजायच्या खोलीत होता, म्हणून पिंजरा तिथं गेला. पिंजरा खिडकीपासून दूर हवा, म्हणून कपाट सरकलं. कपाट सरकलं म्हणून पलंग दाराबाहेर गेला. पलंगाबरोबर आम्हीही गेलो. सौ.नं माझ्या जुन्या मोज्यांत पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या घातल्या. नुसती बाटली अंगाला चिकटते, म्हणून मोजा. स्वयंपाकघराच्या ओट्याची उरलेली फरशी फ्रिजमध्ये गार करून पिंजऱ्यात ठेवली. लाडू तिच्यावर असा पसरला, की बेसनाचा लाडू बसला म्हणजे काय होतं ते प्रत्यक्ष दिसलं. पिंजऱ्यावर एका बाजूनं ओली चादर, दुसरी बाजू हवेला मोकळी. पाण्याच्या दोन बाटल्या, एकीची नळी अडली तर दुसरी असावी म्हणून. चिवड्याच्या पायात येणारे लांब केस सौ.नं शिवणाच्या कात्रीनं कापले. मी माझ्या मानेवरच्या केसांबद्दल सुचवून पाहिलं, पण तिला वेळ नव्हता.

भिंतीवर एक तापमापक लावला आणि मी दर तासाला आकडा कॅलेंडरवर लिहू लागलो. बाहेर ४५, आत २९. बाहेर ४६, आत ३०. फार चांगले आकडे नव्हते, पण फरशी आणि मोजे यांच्या जोरावर दोघं तरले होते. आणि तरले आहेत हे कळायची सोय उत्तम होती. हे प्राणी शिटी घालतात. फ्रिजचं दार उघडलं, कोथिंबिरीची पिशवी वाजली, की आतून "वीऽऽक, वीऽऽक" असा गजर सुरू होई. पेरूकडे या प्राण्याला 'कुई' म्हणतात. नाव कोणी ठेवलं कोण जाणे, पण ठेवणाऱ्यानं आधी आवाज ऐकला असणार. दिवसातून वीस वेळा फ्रिज उघडे आणि वीस वेळा आरोळी येई. त्या आरोळीवर मागच्या खोलीतून अण्णांची आरोळी येई, "काय खाऊन राहिले रे ते? मला कोणी विचारत नाही!"

अण्णांना विचारलं नव्हतं असं मात्र नाही. कूलरच्या खोलीत या, असं आम्ही दरवर्षी म्हणत होतो. पण कूलरनं सांधे धरतात, कूलरच्या आवाजात झोप लागत नाही आणि कूलरचं पाणी भरायला माणूस लागतो, अशी तीन कारणं त्यांनी गणितातल्या सिद्धतेसारखी पाठ केली होती. "मला माझा पंखा पुरे." त्यांची खोली पश्चिमेची. भिंतीला संध्याकाळी सातपर्यंत ऊन. वर पत्रा. त्या खोलीत तापमापक लावायचं माझ्या डोक्यात कधी आलं नाही. तापमापक एकच होता आणि तो पाहुण्यांकडे होता.

नवतप्याच्या चौथ्या दिवशी दुपारी दीडला वीज गेली.

एरवी जाते ती अर्ध्या तासात येते. दोन वाजले, अडीच वाजले, वीज नाही. कूलर बंद झाला, की बंद खोलीत आधीचा ओलावा साठतो आणि अंगाला चिकटायला लागतो. तापमापक ३१, ३३, ३४. फ्रिजमधली शेवटची बाटली मोज्यात गेली. मी ती ठेवायला पिंजऱ्याजवळ वाकलो आणि माझ्या लक्षात आलं, की मी फ्रिज उघडला तेव्हा शिटी एकच आली होती.

चिवडा एका कुशीवर आडवा होता. श्वास भरभर, तोंडाशी ओल, कान लाल आणि हाताला चटका बसावा इतके गरम. मी त्याच्या नाकाशी कोथिंबिरीची काडी नेली. त्यानं पाहिलंही नाही. सहावी सूचना डोळ्यांपुढं आली.

सौ.नं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, बर्फाचं पाणी ओतू नका, एकदम गार केलं तर धक्का बसतो. साध्या पाण्यात फडकं भिजवा, कान आणि पाय पुसत राहा. तोंडात पाणी ओतायचं नाही. घरातली सगळ्यात गार जागा शोधा आणि वीज आली नाही तर इकडे घेऊन या.

घरातली सगळ्यात गार जागा म्हणजे न्हाणीघर. मी शहाबादी फरशीवर मांडी घालून बसलो, मांडीवर टॉवेल, टॉवेलवर चिवडा. एक किलोचाही नव्हता तो जीव. त्याचं काळीज माझ्या बोटांना लागत होतं, शिवणाच्या यंत्रासारखं. मी फडकं भिजवत होतो आणि, खरं सांगतो, छकुलीला काय सांगायचं याची वाक्यं मनात जुळवत होतो. दहाएक मिनिटांनी त्यानं मान उचलली. मग एक पाय आखडला. मी सौ.ला हाक मारली, "अगं, हललं!"

ती दारात उभी होती. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ती म्हणाली, "अहो, आज अण्णा ओरडले नाहीत."

"कधी?"

"वीज गेली तेव्हा."

एक तास होऊन गेला होता. 'गेली का?' हे आम्ही दोघांनीही ऐकलं नव्हतं आणि ऐकलं नाही हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. उलट शांतता आहे म्हणून बरंच वाटलं असेल.

चिवड्याला सौ.च्या हातात देऊन मी मागच्या खोलीत गेलो. दार उघडताच भट्टीचं तोंड उघडल्यासारखी झळ आली. अण्णा पलंगावर उताणे पडले होते. बंडी कोरडी होती. त्या खोलीत, त्या वेळी, माणसाची बंडी कोरडी असणं मला आधी बरं वाटलं आणि पुढच्याच क्षणी पोटात गोळा आला. अंग तव्यासारखं. मी हाक मारली तर त्यांनी मला माझ्या थोरल्या भावाच्या नावानं हाक दिली आणि "शाळेची घंटा झाली का?" म्हणून विचारलं. माझा थोरला भाऊ जाऊन त्या वेळी अकरा वर्षं झाली होती.

पुढचं मी क्रमानं सांगू शकत नाही. १०८ ला फोन केला, हे आठवतं. कोपऱ्यावरच्या पानवाल्याला घेऊन मी अण्णांना पलंगासकट पुढच्या पडवीत आणलं, हे आठवतं. आणि हेही आठवतं, की मी फडकं भिजवून त्यांची मान, काखा, पाय पुसत होतो, सौ. सुपानं वारा घालत होती, आणि काय करायचं हे मला कोणी सांगावं लागलं नाही. पाच मिनिटांपूर्वीच मी ते दुसऱ्या एका जीवासाठी करत होतो. गाडी आली, अण्णा गेले, मीही गेलो. चिवडा सौ.पाशी न्हाणीघरात राहिला.

दवाखान्यात तीन दिवस काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी सलाईनच्या नळीकडे बघत अण्णा म्हणाले, "हा चहा आहे का भांडी धुतलेलं पाणी आहे?" मी खोलीबाहेर व्हरांड्यात गेलो आणि भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहिलो. आयुष्यात अण्णांची एवढी गोड तक्रार मी ऐकली नव्हती. मग खाली जाऊन सौ.ला फोन केला. म्हटलं, "ओरडले." ती म्हणाली, "इथंही. सकाळपासून दोघंही."

तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "वय झालं की घाम कमी येतो, काका. तहानही लागल्याचं कळत नाही. बाहेर एवढं तापल्यावर नुसता पंखा कामाचा नाही, तो गरम हवाच अंगावर टाकतो. आणि म्हातारी माणसं सांगत नाहीत. आपण बघावं लागतं."

मी म्हटलं, "हो. मला हे लेखी दिलेलं आहे."

त्याला वाटलं, दुसऱ्या कुठल्या मोठ्या डॉक्टरचं मत आहे. मी खिशातून वहीचं पान काढलं नाही. पण होतं ते खिशात. पहिली, तिसरी आणि सहावी सूचना मी त्या तीन दिवसांत पुष्कळदा वाचली. आठवडाभर मी एक किलोच्या प्राण्याचं तापमान तासातासाला लिहून ठेवत होतो आणि दहा पावलांवर साठ किलोचे वडील तापत होते, हा हिशोब गणिताच्या मास्तरांच्या मुलाला कधी घालता आला नव्हता. याचं कारण मी नंतर शोधून पाहिलं. पाहुण्यांविषयी मला काहीच माहीत नव्हतं, म्हणून मी बघत होतो. अण्णांविषयी सगळं माहीत होतं, म्हणून बघायचं राहिलं.

घरी आल्यावर अण्णांची रवानगी कूलरच्या खोलीत झाली. या वेळी त्यांच्या तिन्ही कारणांना कोणी भीक घातली नाही. "मला उंदरांच्या खोलीत टाकलं," असं ते समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. पण दुपारी मी दाराच्या फटीतून पाहिलं, तर चश्मा लावून अण्णा तापमापक वाचत होते आणि कॅलेंडरवर माझ्या आकड्यांखाली आपले आकडे लिहीत होते. माझ्या बेरजेत एक चूक होती, तीही तांबड्या शाईनं दुरुस्त केलेली होती. बेरीज मी कशाला केली होती हे मला आजही आठवत नाही. सांध्यांवर त्यांनी तोडगा काढला : भर नवतप्यात पायांत लोकरीचे मोजे. उरलेले होते ते. बाकीचे बाटल्यांना गेले होते.

आता फ्रिज उघडला, की एका खोलीतून तीन आवाज यायला लागले. वीऽऽक, वीऽऽक आणि "काय आणून राहिलीस गं?" सौ. ताटलीत तीन वाटण्या करी. काकडी तिघांनाही चाले. एकदा मी अण्णांना ताटलीतली कोथिंबीर चिवड्याकडे सरकवताना पाहिलं. त्यांनी खिशातला कांदाही आपण होऊन बाहेर काढून स्वयंपाकघरात पाठवला होता. "त्या मूर्खानं चुकून खाल्ला तर?" म्हणाले. साठ वर्षांची सवय होती ती.

मनालीहून मंडळी परतली. छकुली चपला न काढता आत आली. दोघांना हातात घेऊन तिनं उलटसुलट पाहिलं, चिवड्याचे केस कोणी कापले म्हणून चौकशी केली आणि मग अण्णांना विचारलं, "मोठे आजोबा, गप्प बसले होते का?"

"एक जण बसला होता," अण्णा म्हणाले. "पण यांनी बघितलं."

कोण ते त्यांनी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. जाताना अण्णांनी पुढच्या मेचं काय ते आताच ठरवून टाका, असं वहिनींना बजावलं. दुसऱ्या दिवशी खोली फार मोठी झाली अशी तक्रार केली.

त्यानंतर अण्णांनी आणखी चार उन्हाळे तक्रार केली. कूलरच्या पाण्याबद्दल, वाळ्याच्या वासाबद्दल, वरच्या मजल्यावर गिनीपिगांना हल्ली कोथिंबीर कमी घालतात याबद्दल. वीज गेली की आरोळी येई आणि आम्ही दोघं, जिथं असू तिथून, एकमेकांकडे बघून पुढचं काम करू लागायचो.

आता त्या खोलीत आम्ही झोपतो. तापमापक भिंतीवर तसाच आहे. माझं वय झालं आहे. घाम येतो अजून, पण पूर्वीइतका येतो असं छातीठोकपणे सांगता यायचं नाही. म्हणून मे महिन्यात मी एक पथ्य पाळतो. सकाळी सहाला दुधातलं पाणी, साडेसातला वर्तमानपत्रातलं शुद्धलेखन, दहाला भाजीतलं तिखट, आणि वीज गेली, की सगळ्या घराला ऐकू जाईल असं, "गेली का?"

सौ. स्वयंपाकघरातून म्हणते, "ओरडताहेत. म्हणजे ठीक आहेत."